मांडवाखाली वाचलेला हॉलंड

दादा,

बुधवारी सकाळी साडेनऊला वहिनीचा फोन आला. तू बागेत पडलास. चांदवडच्या दवाखान्यात नेईपर्यंत तू गेलास. मी नाशिकच्या इंदिरानगरहून निघाले आणि बाराला पोचले. द्राक्षाचे मणी मऊ पडून त्यांत पाणी उतरायला सुरुवात झाली होती.

तुला जाऊन आता सहा आठवडे झाले. एवढे दिवस हे लिहायला मी कागद पुढे घेऊन बसते आणि उठते. "तुझं एक पान होईस्तोवर आमच्या घडाला मणी धरतो," असं तू म्हणायचास. खरं आहे, मी सावकाशच लिहिते. पण लिहून झालं की ते तुला वाचून दाखवायचं, हे ठरलेलं असायचं. हे पान तसं नाही.

भेटायला आलेल्यांनी तुझ्याबद्दल खूप सांगितलं. गावचा रस्ता, सोसायटीतलं तुझं बोलणं, बागेतली शिस्त. ते सगळं खरं आहे आणि ते त्यांचं आहे. माझ्या वाट्याला तू निम्मा आलास तो हॉलंडमधून. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. चांदवडचा द्राक्षवाला भाऊ आणि नाशिकच्या ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवणारी बहीण. लहानपण संपल्यावर आपल्यात बोलायला वहिनीचे गुडघे आणि आईचं आजारपण एवढंच उरलं होतं. मग तू बागायतदारांच्या गटाबरोबर आठ दिवस तिकडे जाऊन आलास.

मी भेटायला आले, तर वहिनीने तुझा फोनच माझ्या हातात दिला. "बघा, तुमच्या भावानं काय आणलंय. दोनशे फोटो, आणि त्यात एक माणूस नाय. सगळे मातीचे बांध."

"अगं, त्या बांधापलीकडं पाणी हाय," तू म्हणालास. "ते फोटोत दिसत नाय, कारण ते वर हाय आणि मी खाली."

"पाणी वर?" वहिनीने विचारलं.

"वर. मी रस्त्यावर उभा, आणि माझ्या डोक्यावरून जहाज चाललंय. लय वेळ बघत राहिलो. बाकीचे पुढं निघून गेले."

मग तू रॉटरडॅमच्या गोदामातली गोष्ट सांगितलीस. तिथल्या तपासणाऱ्या बाईने आपल्याकडून गेलेली द्राक्षांची पेटी उघडली आणि घड देठाला धरून उचलला. मण्याला बोट लागू दिलं नाही, वरचा पांढुरका थर पुसला गेला नाही. तुला वाटलं, ही आपल्या बागेत कामाला येणाऱ्या यमुनाबाईच्या हाताखाली शिकलीय की काय. तिला तू मराठीतच शाबासकी दिलीस आणि ती मान हलवून हसली.

"तू काय शिकवतेस गं पोरांना, ह्या लोकांबद्दल?" तू विचारलंस.

"चार ओळी आहेत पुस्तकात. डचांनी वखारी काढल्या, इंग्रजांनी त्यांना मागे सारलं. दोन गुणांना येतात कधीकधी."

"अख्ख्या देशाला दोन गुण? नाशिकसारखे तीन जिल्हे जोडले तर त्यांचा देश होतो, वर थोडी जमीन उरते. समुद्राच्या खाली राहतात आणि शंभर-दीडशे वर्षं समुद्रावर राज्य करून दाखवतात. चार ओळी? तूच लिही मग, मास्तरीण. मराठीत पुस्तक लिही."

मी हो म्हटलं नाही. पण नाशिकला परतताना बसमध्ये पिंपळगाव येईपर्यंत मी पहिल्या प्रकरणाचं टिपण काढलं होतं.

पहिलं प्रकरण घेऊन आले, तेव्हा विरळणी चालू होती. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढून उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायचं ते काम. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या अकरा बायका द्राक्षाच्या मांडवाखाली माना वर करून उभ्या होत्या. मला वाटलं होतं, संध्याकाळी ओट्यावर तू एकटा ऐकशील. तू एक रिकामं क्रेट पालथं घातलंस. "बस. इथंच वाच. ह्यांचे हात गुंतलेत, कान मोकळे हायत."

"त्यांना कंटाळा येईल, दादा."

"आला तर आला. ह्यांना जे कळणार नाय, ते माझ्यासारख्यालाही कळणार नाय. ते खोडून टाक."

मी तीस वर्षं वर्गात बोलले होते, पण त्या दिवशी पहिली ओळ मी दोनदा वाचली. पवनचक्क्यांवर तीन पानं वाचून झाली. मी मोठ्या आशेने वर पाहिलं. टोळीच्या मुकादम यमुनाबाई कात्री न थांबवता म्हणाल्या, "ताई, चक्कीनं पानी उपसलं म्हनता. उपसून टाकलं कुठं? समुद्र तर वरच हाय ना?"

मी पानं उलटून पाहिली. तीन पानांत चक्कीची पाती होती, लाकूड होतं, वारा होता. पाणी कुठे जातं ते नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि हसू लपवायला घड न्याहाळायला लागलास. पंधरा दिवसांनी मी उत्तर घेऊन आले. खालच्या शेतातून चरात, चरातून वरच्या कालव्यात, एका चक्कीकडून दुसरीकडे, पायरी पायरीने पाणी चढवायचं. आणि ओहोटी लागली की दारं उघडून ते समुद्राला परत द्यायचं. यमुनाबाई म्हणाल्या, "आता बसलं." त्या तीन पानांचं एक पान झालं. ते पुस्तकातलं सर्वांत चांगलं पान आहे.

मी कृतज्ञ आहे म्हणते, ती अशा गोष्टींसाठी. तू मला अभ्यासाचं काही शिकवलं नाहीस. कुणापुढे वाचायचं ते शिकवलंस.

तुझी आवडती गोष्ट फावड्याची होती. जुन्या काळी तिकडे बांधाचा तुकडा ज्याच्या त्याच्या वाट्याला नेमून दिलेला असे. एखाद्याला तो राखणं जमेनासं झालं, की तो आपलं फावडं बांधात रोवून निघून जाई. ते फावडं जो उपटेल, जमीन त्याची आणि बांधही त्याचा. हे ऐकून तू दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलास. "आपल्या बागलाणातल्या फडाचंही असंच व्हतं," तू म्हणायचास. "नदीचं पाणी सगळ्यांचं, पाट सगळ्यांनी राखायचा, पाटकरी सांगंल तेव्हाच पाण्याचं बारं घ्यायचं. एक पाट फुटला तर सगळ्यांचं वाळतं. त्यांचं एक फुटलं तर सगळं बुडतं. एवढाच फरक." मी म्हटलं, एवढा सोपा नाही तो फरक. तू म्हणालास, "तू अवघड करून लिही, मी सोपं करून सांगतो."

वेंगुर्ल्याला आपण दोघं गेलो, तेव्हाही तसंच झालं. जुन्या कागदांत ज्यांना वलंदेज म्हणतात त्या डचांची वखार पाहायला मी टिपणवही घेऊन गेले होते. पडक्या भिंतीतून झाडांची मुळं बाहेर आली होती. मी त्यांच्या व्यापारी कंपनीचा कारभार, कापड, मिरी असं काहीबाही सांगत होते. तू भिंतीची जाडी हाताच्या वितीने मोजत होतास. मग म्हणालास, "भिंत चांगली बांधलीय. बांधणारे निघून गेले, हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाय." मी ते वाक्य सहाव्या प्रकरणात घेतलं. तुझं म्हणून घेतलं नाही. ती चोरी आता कबूल करते.

अशी सहा प्रकरणं झाली. बांध झाले, हेरिंग मासा पकडणारे कोळी झाले, त्यांची स्वस्त आणि पोटाने रुंद जहाजं झाली. ज्या कंपनीचे भाग मोलकरणींनीही पैसे घालून विकत घेतले होते ती कंपनी झाली. सातवं प्रकरण मी बागेत वाचलं नाही.

ते जायफळाचं प्रकरण. पूर्वेकडच्या समुद्रात बांदा नावाची मूठभर बेटं आहेत. तेव्हा जायफळ जगात फक्त तिथेच होई. बेटावरचे लोक ते येईल त्या व्यापाऱ्याला विकत. कंपनीला ते एकटीला हवं होतं. ती जहाजं आणि सैनिक घेऊन आली, आणि काही महिन्यांत त्या बेटांवरचे बहुतेक लोक मारले गेले, उपाशी मेले किंवा बांधून नेले गेले. कामाला आलेल्या बायकांना हे कशाला ऐकवायचं, असं मी ठरवलं. माझी पहिली चूक तीच. भाऊबीजेच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, हॉलमध्ये मी ते तुला एकट्याला वाचून दाखवलं.

तू सुपारी कातरत ऐकत होतास. मग म्हणालास, "हे काढ."

"का?"

"पुस्तक वाचणार कोण? आपलेच लोक. म्हणतील, दादा दरोडेखोरांना माल पाठवतो. आज तिथं जी माणसं हायत, त्यांनी काय केलंय? ती बाई, घड देठाला धरणारी, तिनं काय केलंय?"

"गिऱ्हाईक आहे म्हणून इतिहास गाळायचा?"

"गाळ कुठं म्हणतोय? तू त्यांना त्या बेटावर गाडून मोकळी होतेस. मी पाहिलेला देश कुठंय ह्याच्यात?"

"तो शेवटच्या प्रकरणात येईल."

"शेवटापर्यंत कोण पोचतंय, बाई!"

आणि मग मी ते बोलले. "तू द्राक्षं बघ, दादा. हे काम माझं आहे."

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, ती तशीच परत आत गेली. सकाळी ज्या हाताने मी तुला ओवाळलं होतं, त्याच हाताने पिशवी उचलली आणि चारच्या गाडीने निघाले. तुझ्यासाठी काढलेली झेरॉक्स टेबलावर राहिली. ती उचलायचं भान नव्हतं मला. मुद्दाम ठेवली असं म्हणवत नाही.

विरळणीला या हंगामात मी आले नाही. डिसेंबरात एका दुपारी तुझा फोन आला होता. मी घरीच होते. पडद्यावर तुझं नाव पाहिलं आणि फोन पालथा घातला. त्यानंतर आपण दोनदा बोललो. तू माझ्या मोतीबिंदूची चौकशी केलीस, मी थंडीची. त्या फोनचा विषय ना तू काढलास, ना मी.

तेराव्याला यमुनाबाई आल्या. त्यांच्याबरोबर टोळीतल्या चौघी होत्या. पंगत उठल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. थोडा वेळ तुझं बोलणं झालं, तुझा रागही निघाला. कात्री बोथट दिसली की तू कसा ओरडायचास ते एकीने तुझ्या आवाजात करून दाखवलं आणि आम्ही सगळ्या हसलो. मग यमुनाबाई म्हणाल्या, "ताई, त्या जायफळाच्या बेटाचं पुढं काय झालं?"

मला कळेना, यांना हे कुठून ठाऊक.

"दादांनी वाचलं की. तुम्ही नाय आल्या तर ते बसले क्रेटवर, चष्मा लावून. अडखळत वाचायचे. तीन दिवस लागले. आम्ही म्हनलं, दादा ऱ्हाऊ द्या, ताई येतील. तर म्हनले, ताई रागावलीय, तिचा राग जाईस्तोवर विरळणी उरकंल."

"तुम्हाला कसं वाटलं ऐकून?"

"घडच करीत राह्यलो. मंग मी इचारलं, बाग राखनारे सगळे गेले, तर ती झाडं मंग राखली कोनी? झाड काय आपलं आपलं पिकतं का? कंपनीचे सायेब तोडनार व्हते का जायफळ? दादा म्हनले, हे ताईनं लिहिलेलं नाय. थांबा, इचारतो. तिथंच उभं राहून फोन लावला. तुम्ही कामात असाल."

मी कामात नव्हते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग?" मी विचारलं. "दादा काय म्हणाले?"

"म्हनले, मी तिला हे काढ म्हनलो व्हतो. आता वाटतं, काढायला नको, ह्यात अजून पाहिजे. भेटल्यावर सांगतो."

भेटल्यावर सांगायचं राहिलं, दादा. म्हणून मी इथे लिहिते, की तुझा निरोप पोचला. उशिरा पोचला, पण यमुनाबाईंच्या तोंडून आला, म्हणजे योग्य माणसाच्या तोंडून आला.

पुढचे तीन आठवडे मी वाचनालयात बसले. जे मिळालं ते ग्रंथपालांनी बाहेरून मागवून दिलेल्या पुस्तकांत होतं. कंपनीने जायफळाच्या बागांचे तुकडे पाडले आणि आपल्या जुन्या नोकरांना वाटून दिले. राबायला माणसं जहाजांत घालून आणली. शेजारच्या बेटांवरून, दूरच्या किनाऱ्यांवरून, आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरूनही. ती विकत घेतलेली माणसं होती. आणि बेटांवरचे थोडे जुने लोक मुद्दाम मागे ठेवले गेले, कारण झाडाला सावली किती लागते, फळ उकललेलं कसं ओळखायचं, वरची जायपत्री न फाडता कशी सोडवायची, जायफळ किती दिवस धुरावर सुकवायचं, हे त्यांच्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. ज्यांना संपवायला निघाले, त्यांच्याच काही हातांवाचून कंपनीचं पान हलेना.

मी तीस वर्षं इतिहास शिकवला. कत्तलीपर्यंत पोचले की आपलं काम झालं, असं मला वाटायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत कोण गेलं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडायला बाग राखणारी बाई लागली. आणि तिच्यापर्यंत ते पान नेणारा माणूस लागला, ज्याला मी सांगितलं होतं, तू द्राक्षं बघ.

गेल्या शनिवारी तोडणी चालू होती. मी नवीन पानं वाचली. हिंदुस्थानच्या किनाऱ्याचं आलं, तेव्हा टोळीतली एक तरुण बाई म्हणाली, "त्यांची नावं हायत का?"

"मला तरी मिळाली नाहीत."

"मंग तसं लिवा. नावं नाय मिळाली म्हनून."

ते लिहिलं. यमुनाबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. "ताई, हे झाडं राखायचं आधी सांगा. लोक कसे राखायचे, कसं सुकवायचे. मारामारी मागून. मंग काय गेलं ते कळंल." आता प्रकरणाची सुरुवात जायफळ सुकवण्यापासून होते. तू हे ऐकलं असतंस तर म्हणाला असतास, बघ, बिनपगारी संपादक.

आता शेवटचं प्रकरण, ज्यापर्यंत कुणी पोचत नाही असं तू म्हणालास. त्यात मी तुझा देश लिहिते आहे. युरोपातलं सर्वांत मोठं बंदर त्यात आहे. काचेच्या घरांतले टोमॅटो आहेत, फुलांचे लिलाव आहेत, देठ धरणारी ती बाई आहे. त्यांच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे लावून महामार्ग अडवले होते, त्याचा व्हिडिओ तू मला पाठवला होतास, "बघ, तिकडंही रास्ता रोको, आपलीच माणसं." तो आहे. त्यांच्या राजाने गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली, तेही आहे. समुद्र चढतो आहे आणि बांध किती उंच करत न्यायचे याचं उत्तर त्यांच्या इंजिनिअरांकडेही पुरतं नाही. तेवढ्यावरून मला तो देश पहिल्यांदा जवळचा वाटला. आपला माल ज्या देशात जातो त्याच्याबद्दल आपण घाबरत बोलतो किंवा भारावून बोलतो. तू भारावून बोलायचास, मी वाकडं बोलायचे. त्यांच्याकडूनही काही शिकावं आणि त्यांना काही विचारावंही, हे एकाच पानावर लिहिता येतं का, ते मी करून बघते आहे.

भांडण मिटलेलं नाही. शेजाऱ्याबरोबर बांध राखणारे आणि जायफळासाठी बेटं रिकामी करणारे एकाच घरातले कसे, याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं आणि माझ्याकडे नाही. तू म्हणायचास, घरात एक आणि बाहेर एक, हे कोणत्या घरात नसतं? मला ते पटत नाही. पण ते वाक्य मी प्रकरणात घेतलं आहे, या वेळी तुझ्या नावाने. त्याखाली माझं न पटणंही लिहिलं आहे.

तुझे आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती. मानले असते तर तू म्हणाला असतास, आता काय, हार आणू का? म्हणून राहिले. आता मानते. तू मला वर्गातून बाहेर काढलंस. अक्षरं येणाऱ्यांपलीकडे माझा वाचक आहे, हे तू मला दाखवलंस. मी रुसून बसले, तेव्हा माझं काम तू चष्मा लावून, अडखळत, तीन दिवस केलंस.

बाग वहिनी पाहते. पहिला कंटेनर सोमवारी मुंबईच्या बंदराकडे गेला. यमुनाबाईंची टोळी महिनाअखेरपर्यंत आहे. सात प्रकरणं पुरी झाली आहेत, शेवटच्या आठव्याची चौदा पानं झाली आहेत, बाकीची मी लिहिते आहे.